संथ गती

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
मी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या रिळांचे दात कोरतोय,
उत्तर अलाबामात, धरणाच्या फुगलेल्या पाण्याकाठी,
गांडुळं, बर्फ आणि शिळी कॉफी विकणाऱ्या दुकानाच्या
मागल्या खोलीत.
पोटाचं म्हणाल, तर पट्ट्याला दोन भोकं वाढवलीत.

मार्चमधल्या मंगळवारी आर्डिथ प्रुइट आली,
बुटांच्या खोक्यात हॉइटचं रीळ घेऊन.
"साफ कर. विकायचंय."
रीळ दोन गतींचं.
बटण दाबलं की मुठीच्या एका फेऱ्यात पाच वेढे,
सोडलं की आठ.

ह्याच रिळापायी मी आणि हॉइट
अख्खा एक हिवाळा बोललो नव्हतो.

मी म्हणालो होतो, अरे, समुद्रावर ठीक आहे.
तिथे टूना बुडी मारतो, तासभर हटत नाही,
माणूस घामाघूम होतो, तेव्हा खालचा गियर म्हणजे देव.
बास मासा काय, मिनिटभराचा पाहुणा.
खोल पाण्यातलं आमिष संथ ओढायचंय? संथ रीळ घे.
गवतातून झटक्यात उचलायचाय? वेगवान घे.
होडीवर पाच काठ्या पसरलेल्या असतातच,
वाकायचं आणि दुसरी उचलायची, एवढंच तर आहे.
हात एका रिळाशी संसार करतो.
त्याला दोन घरं दिलीस
तर ऐन वेळी अंगठा बटण शोधत बसेल
आणि मासा निघून जाईल.

हॉइट म्हणाला, पाच काठ्या तुझ्यासारख्यांना.
माझी होडी बारा फुटी,
पाचवी काठी ठेवायची, तर मी कुठे बसू?

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं,
म्हणून मी वजनाचं बोललो.
पैशांचं बोललो.
मग त्याच्या बापाचंही काहीतरी बोललो.

आता झाकण काढलं.
स्क्रू रांगेत मांडले, सवयीने, पुसट टॉवेलवर.
आत दोन्ही चक्रं जोडीनेच फिरतात,
पण भार एका वेळी एकावरच येतो,
आणि झीज होते ती भाराने. नुसत्या फिरण्याने नाही.
वेगवान चक्राचे दात म्हाताऱ्या घोड्यासारखे,
संथ चक्राचे कोरे, पितळेचा पिवळा रंग शाबूत.

जिंकलो.
खोलीत सांगायला कोणी नव्हतं,
आर्डिथ होती,
ती भिंतीवरच्या जुन्या फोटोंत
नवरा शोधत होती, किंवा शोधणं टाळत होती.

तरी भिंग लावलं. लावायला नको होतं.
संथ दातांच्या एका कडेला
केसाएवढी चकाकी.
जेमतेम एका दुपारची.

"हे वापरलंय त्याने. थोडंसंच," मी म्हणालो.
तिने मान न वळवता सांगितलं,
"तो नाही. मी.
त्या ऑक्टोबरात माझं मनगट नुकतं प्लास्टरातून सुटलं होतं.
आठच्या गियरवर मूठ हलेना.
त्याने बटण दाबलं, म्हणाला, आता फिरव.
फिरली.
सव्वातीन पौंडाचा होता. सोडून दिला आम्ही."

मी ग्रीस भरलं. बेअरिंगांत तेलाचा एकेक थेंब.
अंगठ्याने बटण दाबून पाहिलं,
सोडून पाहिलं,
उगाच पुन्हा दाबलं.

मला वाटलं, आता ती म्हणेल, राहू दे, विकायचं नाही.
म्हणाली, "ऐंशी मागशील की नव्वद?"
तिने पस्तीस वर्षं शाळेचे हिशेब लिहिलेत.
"नव्वद. आणि चिठ्ठीवर खरं ते लिही,
गिऱ्हाइकाला कळू दे काय मिळतंय."

दोरा ओवला, चिठ्ठी बांधली.
वेगवान गती: बरीच वापरलेली.
संथ गती:
इथे पेन जरा थांबलं,
मग लिहिलं,
जवळजवळ नवी.